बशीतली गाठ

"यंदा तू वाढ," परशुराम म्हणाला आणि खिरीचा टोप त्याने संचिताच्या हातात दिला.

प्रयोगशाळेत थेंबभर औषध इकडचं तिकडे होऊ न देणारी संचिता, पण टोप घेताना तिच्याकडून थोडी खीर जमिनीवर सांडली. पुण्याहून रात्रीची गाडी पकडून ती सकाळीच कट्टा गावात उतरली होती. गणपतीला रजा मिळाली नव्हती. परशुरामने मग फोन करून एवढंच म्हटलं, "तेवा नाय तर नाय, पण आता ये. तिका जेवूक वाढूचा आसा." तो फार बोलणाऱ्यांतला नव्हता. काजूच्या बागेत दिवसभर झाडांशी बोलून घरी यायचा, तोवर त्याचे शब्द संपलेले असायचे.

आईला सांगायची बातमी संचिताने उराशी धरून आणली होती.

ती ज्या प्रयोगशाळेत काम करायची, तिथे स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी जिवंत ठेवत. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे बारीक तुकडे खळीसारख्या मऊ थरात वाढवायचे, शेजारी त्याच बाईच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी सोडायच्या आणि मग औषध घालून काय होतं ते बघत बसायचं. माणसावर करण्याआधी बशीत करून बघायचं, असा तो कारभार. परशुराम बाजारात सांगे, "माजा चेडू पुण्याक गाठी पोसता." लोक गाठी कापून फेकतात आणि याची लेक पोसते, म्हणून बाजार हसायचा. त्याच्या बायकोला, सुगंधालाच गाठ निघाली आणि ते हसणं थांबलं.

गाठ लेकीच्या बशीत द्यायची हे सुगंधानेच ठरवलं.

"थंय तिका टोचलास तर माका दुखतला काय गो?" तिने विचारलं होतं.

"नाय, आये."

"मगे घे. आणि काय निघात तां पयलां माका सांग. डॉक्टराक मागसून."

संचिताने शब्द दिला होता. तुकडे गोठवून ठेवले होते, ते पुन्हा पुन्हा काढून वाढवले. एक औषध फुकट गेलं, दुसरंही गेलं. दर वेळी ती घरी फोन करायची आणि काहीच न सांगता ठेवून द्यायची.

संचिता टोप घेऊन पानाशी थांबली, तशी माजघरातून ती सावकाश बाहेर आली. नवी हिरवी साडी अजून अंगाला बसली नव्हती. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला होता. परशुरामने पाट सरळ केला आणि बाजूला झाला. जन्मात कधी बायकोसाठी पाट न मांडलेला हा माणूस सुगंधाच्या आजारपणात सगळं शिकला होता, भाताची पेज करायलासुद्धा.

"सुगंधा, पोटभर जेव गो," तो म्हणाला.

संचिताने वडे वाढले, काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं, खीर वाढली. पाटावर बसलेली ती खाली मान घालून हळूहळू जेवत होती. संचिता समोर बसली.

"आये, एक सांगूचा आसा. सांगू?"

तिने परशुरामकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"सांग गो," ती हलकेच म्हणाली.

"आपण बागेक राखणो ठेवतो. पण चोर त्याका खाऊक घालता, आपलोसो करता, आणि मगे तो राखणोच चोराक सांभाळता. तुज्या गाठीत तसाच झालेला. तुज्याच रगतातले राखणे गाठीच्या बाजून बसलेले."

"मगे?"

"ह्या औषधान ते फिरले, आये. त्यांनी चोराक ओळखलो. मी माज्या डोळ्यान बघलंय. गाठ बारीक झाली आणि मेली."

त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनच संचिता रडली होती. शेजारच्या मुलीला वाटलं, आनंदाने रडतेय. तिने सगळ्यांना पेढे वाटले. संचिताने आपल्या वाटचा तसाच कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

"बशीत झाला म्हणान माणसातय होतला असा नाय," ती घाईने म्हणाली. संशोधकाची सवय, ती इथेही सुटली नाही. मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "पण आये, माका उशीर झालो काय गो?"

खिरीच्या वाटीकडे गेलेला हात थांबला. पदराआडून एक टिपूस पानावर पडलं. परशुराम अंगणाकडे तोंड करून नसलेली कोंबडी हाकलायला लागला.

तिने डावा हात पुढे केला आणि संचिताच्या डोक्यावर ठेवला.

"नाय गो बाये. तुज्यान होईत तितक्या तू केलंस. माजी काय तकरार नाय."

संचिताने तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि लहानपणी पडून गुडघा फुटल्यावर रडायची तशी ती रडली. तो हात बराच वेळ केसांतून फिरत राहिला. इतक्या दिवसांचं ओझं पहिल्यांदाच थोडं हलकं झाल्यासारखं तिला वाटलं. मग पानावर बसलेली ती सगळं निपटून जेवली, खीरही तिने मागून घेतली.

हात धुऊन झाल्यावर संचिताने तिची ओटी भरली आणि वाकून नमस्कार केला. परशुराम पायरीपर्यंत आला. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, चपला घातल्या आणि डोळे पुसले.

"येतंय मी, परशुरामभाऊ. तुमची सुगंधा गेली तेवा मी ह्या गावात नव्हतंय, तिका कधी बघूकव नाय. पण अविधवा नवमीक तिच्या नावान सवाशीण म्हणान मी जेवलला तिका पोचता म्हणतत ना, मगे चेडवान माका सांगितलेलाय पोचतला."