मेलेल्याला विचारावं लागत नाही

"त्याचं रक्त काढू नकोस, डुएन," आर्लिस म्हणाली. "काय निघणार ते मला ठाऊक आहे."

इस्पितळाच्या तळघरात एका बंद दाराबाहेर तिघं उभी होती. दाराआड तिचा नवरा व्हर्लिन होता. दोन तासांपूर्वी, भर दुपारी, मक्याच्या शेतांमधल्या चौरस्त्यावर त्याची पिकअप आणि पशुखाद्याचा ट्रक एकमेकांवर आदळले होते. ट्रकवाल्याचा हात मोडला. व्हर्लिन जागीच गेला. 'थांबा'ची पाटी दोघांपैकी कोणी जुमानली नाही, ते अजून ठरायचं होतं.

डुएन काउंटीचा कॉरोनर. अपघातात गेलेल्यांची चौकशी त्याच्याकडे. शाळेत तो आर्लिसच्या मागच्या बाकावर बसायचा.

"काढावंच लागतं," तो म्हणाला. "जिवंत माणसाचं रक्त जबरदस्तीने घ्यायचं तर पोलिसांना कारण दाखवावं लागतं. तोंडाला वास, लाल डोळे, झोकांड्या, काहीतरी. मेलेल्या चालकासाठी कारण लागत नाही. त्याला विचारावंही लागत नाही."

भिंतीला टेकलेल्या शेरीफच्या माणसाने वही उघडली. "काय निघणार म्हणालात, मॅडम?"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. झाकायला आली होती आणि दवंडी पिटून बसली होती. आता खोटं बोलायलाही उशीर झाला होता.

"दारू," ती म्हणाली.

त्याने लिहून घेतलं. डुएन फरशीकडे बघत राहिला.

व्हर्लिनने पिणं सोडलं त्याला अकरा वर्षं झाली होती. सोडलं असं तो म्हणायचा. आर्लिसचा विश्वास स्वतःच्या नाकावर होता. काउंटीच्या पोलिसांकडे एवढं अचूक यंत्र नाही, असं ती बहिणीला फोनवर अभिमानाने सांगायची. रोज संध्याकाळी व्हर्लिन गोठ्यातून आला की बूट काढायच्या आधी मान खाली घालून तिच्या तोंडासमोर श्वास सोडायचा. ती हुंगायची, मग त्याला आत घ्यायची.

"पोलिसांना कारण लागतं गं," तो एकदा म्हणाला होता. "तुला तेही लागत नाही."

"पोलिसांनी तुझ्याशी लग्न केलेलं नाही," तिने सुनावलं होतं. त्यावर तो इतका हसला की जिंकलं कोण, ते तिला कळलंच नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र त्याच्या तोंडाला पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास येऊ लागला. दर मंगळवारी दुपारचं जेवण झालं की शेजारच्या रेचं शेतीचं यंत्र दुरुस्त करायला जातो म्हणून तो निघायचा. तिने रेला फोन केला. रेचं यंत्र ठणठणीत होतं. मग पुरावा आणखी काय हवा? आणि अपघात झाला तोही मंगळवारीच.

पुरल्यानंतर नऊ दिवस ती त्याला शिव्या घालत होती. भांडी घासताना, गाईंना चारा घालताना, एकदा तर चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना. त्याच नऊ दिवसांत ट्रकच्या विमावाल्यांचं पत्र आलं. खुद्द पत्नीच्या सांगण्यानुसार चालक प्यायलेला होता, सबब चूक त्याचीच, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. ते वाचून ती खुर्चीत बसली ती बराच वेळ उठली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी डुएन आला. टोपी हातात, कागद खिशात. तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

"शून्य," तो म्हणाला.

"काय शून्य?"

"त्याच्या रक्तात दारू नव्हती. थेंबभरही नाही. विमावाल्यांना आता ते पत्र मागे घ्यावं लागेल. आणि ट्रकवाल्याने काल कबूल केलंय, त्याचं लक्ष फोनमध्ये होतं."

आर्लिसने कागद दोनदा वाचला. आकड्यांत तिला फारसं कळत नव्हतं, पण शून्य कळत होतं. ती नको म्हणत असताना जे रक्त काढलं, त्यानेच व्हर्लिनची बाजू घेतली होती. तिने घेतली नव्हती.

"मग तो मंगळवारी जायचा कुठे?"

डुएनने कपाला हात लावला नव्हता. "माझ्याकडे," तो म्हणाला. "मी पितो, आर्लिस. प्यायचो म्हणू दे. पंधरा वर्षं मेलेल्यांच्या रक्तात दारू शोधतोय. माझ्या रक्तात शोधायला कुणाकडे कारण नव्हतं. व्हर्लिनने ओळखलं. म्हणाला, मंगळवार दुपार तुला जड जाते ना, मी सोबत बसतो. कुणालाही सांगणार नाही, बायकोलासुद्धा नाही, असं त्याने मला वचन दिलं होतं. गोळ्या माझ्याच. दारू सोडल्यावर तोंड गप्प बसत नाही."

"म्हणजे त्या दिवशीही..."

"माझ्याकडूनच निघाला होता. शुद्धीत, हसत. तू 'दारू' म्हणालीस तेव्हा मी तिथे उभा होतो. मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. बोललो असतो तर तो माझ्याकडे का यायचा, तेही सांगावं लागलं असतं. पुढच्या महिन्यात कॉरोनरची निवडणूक आहे, मी उभा आहे. म्हटलं, रक्त बोलेलच."

आर्लिसला आधी त्याच्या तोंडावर कॉफी फेकावीशी वाटली. मग तिला हसू आलं, आणि ते मधेच कुठेतरी रडू झालं. सगळ्या काउंटीत व्हर्लिनवर संशय घेणारं एकच नाक होतं आणि ते तिच्या घरात होतं.

"तुझा तो जबाब," डुएन हळूच म्हणाला, "माझ्या अहवालातून गाळू का? आता त्याची गरज नाही."

"राहू दे," ती डोळे पुसत म्हणाली. "खाली लिही, बाईला काही कळत नव्हतं." मग तिने त्याची गार झालेली कॉफी ओतून टाकली आणि कप पुन्हा भरला. "आणि मंगळवारी जेवायला इकडे ये. एकटा बसू नकोस."