वरच्या अंगणातलं पाणी

मागच्या दाराखालून पाणी आत आलं, तेव्हा ताई शिलाई मशीन विटांवर चढवत होती. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे तिनं आधीच कपाटावर टाकले होते. कापडं वाचली, मशीन वाचलं. खाट तेवढी उचलून ठेवता येण्यासारखी नव्हती. खाटेवर आई होती.

पाणी वरच्या घरातून यायचं, आणि वरचं घर सख्ख्या धाकट्या भावाचं. वडिलांनी उतारावरच्या जागेचे दोन भाग केले होते, वरचा मुलाला, खालचा मुलीला. तेव्हा मधे मातीचं परसू होतं. पाऊस पडला की तिथंच जिरायचा. मग भावानं भर घालून अंगण उंच केलं आणि दोन गाड्या उभ्या राहाव्यात म्हणून सगळीकडे काँक्रीट करून घेतलं. तेव्हापासून त्याच्या छपराचं आणि अंगणाचं पाणी कुंपणाच्या भिंतीखालून थेट ताईच्या मागच्या खोलीत.

ताईनं आधी गोडीत सांगून पाहिलं, मग रागावून. अंगणाच्या कडेनं एक चर खण आणि पाणी रस्त्याच्या गटारात सोड, एवढंच तिचं म्हणणं होतं. भाऊ दर वेळी मान डोलवायचा आणि पाऊस उघडला की बघू म्हणायचा. पाऊस उघडला की विषयही वाळून जायचा. एकदा तर तो म्हणाला, पाणी उताराकडेच जाणार, त्याला मी काय करू? गल्लीतले लोक हसून म्हणायचे, या बहीण-भावात काहीतरी पाणी मुरतंय. ताई म्हणायची, मुरत असतं तर फार बरं झालं असतं.

शेवटी ती नगरपालिकेत तक्रार द्यायला निघाली, तर आईनं जेवण सोडलं. पाण्यापायी भावाला कचेरीत उभं करणार का, असं विचारून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तो मनानं वाईट नाही, त्याला वेळ होत नाही, हे तिचं पालुपद. मांडीचं हाड मोडल्यापासून आई ताईकडेच होती. इस्पितळातून आणलं तेव्हा भावाच्या घराला पायऱ्या आहेत, ताईचं घर बसकं, आईला तेच सोयीचं, असं ठरलं. ठरवलं भावानंच. रविवारी तो कुंपणापाशी उभा राहून आईची चौकशी करायचा. ती पाच मिनिटं आईला आठवडाभर पुरायची.

आज पाणी चढतच होतं. खाटेवरून लोंबणारं गोधडीचं टोक भिजलं आणि ओल वर सरकत आईच्या पाठीपर्यंत गेली. आई कुडकुडत होती, पण तक्रार नाही. ताईला आता राहवेना. तिनं समोरच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली. दोघांनी आईला खुर्चीत बसवलं, तिच्या अंगावर प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि खुर्ची उचलून, चढ चढून, पायऱ्या चढून भावाच्या दारात नेऊन टेकवली.

"खोलीत पाणी भरलंय," ताई भावाला म्हणाली. "ओसरेपर्यंत आई इथं राहील."

वहिनीनं सोफा सरकवून दिवाण पुढं ओढला. ताईनं औषधांच्या वेळा सांगितल्या, कूस कशी बदलायची, भांडं कसं सरकवायचं ते दाखवलं. वहिनी ऐकत होती की नुसती बघत होती, ते कळलं नाही. घरी येऊन पाणी उपसताना ताईला स्वतःचीच लाज वाटली. भावाला खाली बघायला लावण्यासाठी आपण आईलाच पुढं केलं की काय, असं तिच्या मनात येत राहिलं.

दोन दिवस पाऊस हटला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वरून खडखडाट ऐकू आला. ताई बाहेर धावली. भर पावसात दोन मजूर ब्रेकरनं काँक्रीट फोडत होते आणि त्यांच्या मागोमाग भाऊ, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, स्वतः फावडं मारत होता. दुपारपर्यंत चर रस्त्याला जाऊन मिळाला. पाणी वळलं. ताईच्या खोलीत येणारी धार आधी बारीक झाली, मग थांबली.

ताईला भरून आलं. किती वर्षं आपण याच्याविषयी मनात काय काय धरून बसलो, असं तिला वाटलं. आईला तशी भिजलेली बघून त्याचं आतडं तुटलं असणार. तिनं चांगला आल्याचा चहा केला, किटली टॉवेलात गुंडाळली आणि चढ चढून वर गेली.

भाऊ पायरीवर बसून पायाचा चिखल काढत होता. जागरणानं त्याचे डोळे तांबारले होते. ताईनं कप पुढं केला. त्यानं तो घेतला नाही.

"आता तुझ्याकडे थेंबही येणार नाही," तो म्हणाला. "आईला संध्याकाळच्या आत घेऊन जा."

उंबऱ्याच्या आत औषधांची पिशवी भरून ठेवलेली होती. शेजारी खुर्ची. खुर्चीवर आईची घडी केलेली गोधडी.

ताईनं किटली तशीच पायरीवर ठेवली. आत जाऊन आईचे केस सारखे केले, तिच्या अंगाभोवती शाल गुंडाळली आणि इस्त्रीवाल्याला बोलावून आणलं. दोघांनी खुर्ची उचलली. उतारावरून येताना शेजारून नव्या चरातलं पाणी खळखळत रस्त्याकडे चाललं होतं. आई मान वळवून वळवून ते बघत होती. दोन दिवसांत तिचा चेहरा पार उतरला होता, पण डोळे चमकत होते.

"मी खिडकीतून सगळं बघितलं," ती म्हणाली. "एवढ्या पावसात, स्वतःच्या हातानं खणलं पोरानं. माझ्यासाठीच ना गं?"

ताईनं खुर्चीवरची पकड घट्ट केली.

"हो आई," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच."