शेपटीवालं अक्षर

सासूला बातमीत जहाज दिसलं आणि हातातली लसणाची पाकळी ताटात पडली.

"ते बघ," ती म्हणाली. "पहिल्याच ओळीत आहे."

सुनेनेही ते पाहिलं होतं. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर फोन घेऊन. दुपारची जेवणं उरकली की दोघींची ही शाळा भरायची. चिनी शिकणाऱ्यांसाठी कुणीतरी रोज चार-चार ओळींच्या सोप्या बातम्या टाकायचं आणि खाली अवघड शब्दांचे इंग्रजीत अर्थ द्यायचं. कुठे नवा पूल झाला, कुठे पूर आला, कुठे माकडाने दुकान लुटलं. सून एकेक अक्षर लावत वाचायची, मग मराठीत सांगायची, आणि सासू लसूण सोलता सोलता ऐकायची.

शिक म्हणून मागे लागली होती ती सासूच. जहाज त्या लोकांच्या समुद्रात बुडालं, तर खबरही त्यांच्याच भाषेत असणार, हा तिचा साधा हिशोब. जहाजाच्या इंजिनखोलीत तिचा मुलगा होता, म्हणजे हिचा नवरा. कंपनीत फोन केला की तिथला साहेब एकच पालुपद लावायचा, शोध चालू आहे, धीर धरा. आपल्याकडच्या पेपरांनी दोन ओळी छापून हात झटकले. फोनलाच परस्पर मराठी करायला सांगावं तर तो काहीच्या बाही बरळायचा. मग काय करणार? सून बसली शिकायला. शेजारीण हसली, म्हणे आता चिनी का! सासूने तिला दारातूनच सुनावलं की तुझा नातू गणितात नापास होतोय, आधी त्याचं बघ.

शेजारी बसून बसून सासूलाही थोडंफार कळायला लागलं होतं. वाचता नाही यायचं, ओळखता यायचं. दोन तंगड्या फाकलेला तो माणूस. चौकटीत कोंडलेला तो देश. डावीकडून खाली लांब ओढलेलं असलं की ते शेपटीवालं. जहाजाचं अक्षर तर तिने पाठच केलं होतं. नवी बातमी उघडली की आधी ती चष्मा सावरून त्यात जहाज शोधायची, आणि ते नसलं की बरं म्हणावं का वाईट, हे तिला कळायचं नाही.

आता ती सरकत सरकत सुनेच्या खांद्याला येऊन चिकटली. सुनेने वाचायला घेतलं. जहाजाचं नाव तेच होतं. तिने ते दोनदा लावून पाहिलं, दोन्ही वेळा तेच आलं.

"समुद्राच्या तळाशी जहाज सापडलं," ती म्हणाली.

सासूने हात जोडले, कुणाला ते तिचं तिला ठाऊक. मग विचारलं, "आणि माणसं?"

सून पुढची ओळ वाचायला लागली. जहाजावरचे सगळे, एवढं म्हणाली आणि तिथेच अडली.

त्या शब्दासाठी तिला खालचे अर्थ बघायची गरज नव्हती. पहिल्याच आठवड्यात तो तिला आला होता. अपघाताची बातमी म्हटली की तो असायचाच, भाजीत मीठ असतं तसा. त्याच्यानंतर एकच ओळ उरली होती, शोधकार्य थांबवल्याची. तीही तिने डोळ्यांनी वाचून टाकली होती. तिला वाटलं, फोन भिंतीवर आपटावा आणि गळा काढून रडावं. पण म्हातारीचा श्वास तिच्या कानाशी लागत होता.

"हा शब्द नवीन आहे, आई. मला नाही येत."

"खाली बघ की अर्थ."

"खाली नाही दिलेला."

सासूने चष्मा नाकावर दाबला आणि फोनवर वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"हे शेपटीवालं आहे," ती म्हणाली.

"शेपटीवाली पुष्कळ असतात."

"असतात. पण ह्याच्यापाशी आलीस की तू दर वेळी थांबतेस. खाणीच्या बातमीत थांबलीस, पुराच्या बातमीत थांबलीस. आवंढा गिळतेस आणि मग सांगतेस."

मोरीतला नळ ठिबकत होता, तो बंद करायलाही कुणी उठलं नाही. सासू हळूहळू मागे सरकली. तिने ताट पुढ्यात ओढलं आणि सोललेल्याच पाकळ्या पुन्हा सोलत बसली.

थोड्या वेळाने ती मान वर न करताच म्हणाली, "दुसरी बघ. हवामानाची असेल एखादी."

सुनेने अंगठ्याने बातमी वर सारली. पुढची बातमी कुठल्याशा शहरातल्या नव्या बसगाड्यांची होती. तिने पदराने डोळे पुसले आणि रोजच्यासारखं एकेका अक्षराखालून सावकाश बोट फिरवलं.

"उद्यापासून वारा पडेल," तिने वाचलं. "समुद्र शांत राहील."

"बरं झालं," सासू म्हणाली. "शोधायला बरं पडेल त्यांना."