हाताला राहणारा वास

"मासळीचा वास या घरात येता कामा नये, शालिनी. बाहेर खाशील तर तेही नको. वास हाताला राहतो."

एकतीस वर्षांपूर्वी माप ओलांडून शालिनी आत आली, तेव्हा सासूबाईंनी कानाशी येऊन एवढंच सांगितलं होतं. रेवदंड्याच्या त्या पोरीनं मान डोलावली, शब्द दिला. तेव्हापासून दिल्लीतल्या मुनिरक्याच्या या फ्लॅटमध्ये सुकटीचा साधा कणही शिरला नव्हता.

आज स्वयंपाकघरात सासूबाईंसाठी वरणभात कालवताना तिनं हात चौथ्यांदा लिंबानं चोळले.

मृणालनं, तिच्या लेकीनं, गुरुग्रामच्या ऑफिसातून सुट्टी काढून तिला ग्रीसला नेलं होतं. खूप मोठं नव्हे, एक चिमुकलं बेट. समुद्र बघायचा आणि खायचं, बस. शालिनीनं दशम्या आणि मेतकूट नेलं. तीन दिवस तिनं पाव, टोमॅटो आणि खारट पांढरं चीज यांवर काढले. पांढरी घरं पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरत होती. दोरीवर ऑक्टोपस वाळत घातलेले, जणू कुणाचं धुणं. वाऱ्याला रेवदंड्याचाच खारा वास.

चौथ्या दिवशी दुपारी खाणावळीतल्या म्हातारीनं, कुणी न मागता, कोळशावर भाजलेले दोन मासे तिच्यापुढे ठेवले. शेजारी लिंबाची फोड. शालिनीचा हात तिला न विचारता पुढे गेला. दोन्ही मासे संपले, काटे ताटाच्या कडेला ओळीनं लागले, अंगठा चाटून झाला, तेव्हा कुठे तिला रडू आलं.

"यार आई, एकतीस वर्षं?" मृणाल म्हणाली, आणि तिनं काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर जाऊन पडलासुद्धा. शालिनीनं तो लगेच काढायला लावला. पण नवऱ्यानं, मुरलीधरांनी, तो पाहिलाच. ती परतल्यावर ते हसून म्हणाले, मला काही नाही, फक्त आईला कळू देऊ नकोस. ती तुझ्या हातचं पाणी पिणार नाही.

हीच तर भीती होती. शहाऐंशी वर्षांच्या सासूबाईंच्या, गिरिजाबाईंच्या, डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळे. घास त्या फक्त शालिनीच्या हातचा घेत; ती ग्रीसला होती तेवढे दिवस मुरलीधरांच्या हातून नुसतं दूध घेतलं होतं. डोळे धड होते तेव्हा नारळ आणायला हट्टानं आयएनए मार्केटलाच जात, आणि मासळीच्या गल्लीच्या तोंडाशी नाकाला पदर लावून उभ्या राहत. शालिनी घासाघीस करून येईपर्यंत तिथून हलत नसत. वास सहन होत नाही तर पलीकडे उभ्या राहा ना आई, असं म्हटलं की म्हणायच्या, "तू आपलं नारळ वाजवून घे."

शालिनी ताट घेऊन गेली तेव्हा त्या पलंगावर बसून गुणगुणत होत्या.

दर्यादादा माझा भाऊ,
अंगणी येतो जातो,
ओल्या वाळूची ओटी
उंबऱ्याशी भरून जातो.

मुरलीधर नेहमी चिडवायचे, आई, तुझ्या ग्वाल्हेरला कुठला आला दर्या? त्या म्हणायच्या, ओवीत सगळं असतं.

पहिला घास घेऊन त्यांनी विचारलं, तिकडे पाणी दारापर्यंत येतं का गं? येतं, शालिनी म्हणाली. रात्री ऐकू येतं? येतं.

"आणि खाल्लंस काय?"

"पाव, आई."

"आणि?"

"टोमॅटो. चीज."

"आणि?"

शालिनीनं ताट खाली ठेवलं. खोटं बोलून घास भरवता येईना. तिनं सगळं सांगून टाकलं: म्हातारी, कोळसे, दोन मासे. शेवटी म्हणाली, "शब्द मोडला मी, आई. आजपासून तुम्हाला मृणाल भरवेल."

 चाचपडत गिरिजाबाईंनी सुनेचा उजवा हात धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"लिंबाचाच वास येतोय," त्या म्हणाल्या. मग तोंड उघडून घासाची वाट पाहत राहिल्या.

शालिनीनं घास दिला. सहा दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी अलगद उचलून नेल्यासारखं झालं. डोळे पुसत ती हसली.

घास गिळून गिरिजाबाई सावकाश म्हणाल्या, "ग्वाल्हेरला मामानं नेलं, आई गेल्यावर. जन्म मालवणचा माझा. लग्नात सासूनं देवापुढे मासळी सोडायची शपथ घातली, आणि मी ती पाळली. घरात एकदा तो वास शिरला असता ना शालिनी, तर मला राहवलं नसतं. म्हणून तुलाही अडवलं, बाई." त्यांनी सुनेचा हात सोडला नाही. "आता शपथ घालणारी राहिली नाही, आणि माझे दातही नाहीत. काटे काढून देशील?"