गुंतलेल्या दोऱ्या

"तुझी दोरी काप, हिराजी! जिताडा माझ्या गळाला लागलाय!" हसुराम होडीतून खेकसला.

"खोटारड्या, माझ्या गळाला लागलाय!" शेजारच्या होडीतून हिराजी गुरकावला.

दोघांच्या दोऱ्या पाण्यात गुंतल्या होत्या. अशा वेळी ज्याच्या गळाला मासा नाही त्यानं आपली दोरी कापायची, हा खाडीवरचा रिवाज. पण गेल्या वर्षीची मासे धरायची स्पर्धा हिराजीनं जिंकली, हे हसुरामला अजून डाचत होतं. हात लांबवून त्यानं हिराजीचीच दोरी कापून टाकली.

मोठी उसळी मारून जिताडा निसटला.

शिव्या हासडत हसुरामनं आपली दोरी वर ओढली. त्याच्या गळाला लावलेली कोळंबी अजून जिवंत होती, मिशा हलवत होती. हिराजी बघतोय म्हटल्यावर ती लपवायला त्यानं मूठ आवळली, आणि गळ तळहातात रुतला.