उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

"सतरा!" पंपाची नळी जागेवर अडकवत अर्विड म्हणाला. "गॅलनला फक्त सतरा मैल! अगं, एवढं तर ट्रॅक्टरही पीत नाही."

मार्लिस स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. दर शुक्रवारी संध्याकाळी टाकी भरायची आणि अर्विडने मनातल्या मनात भागाकार करून आठवड्याचं अ‍ॅव्हरेज सांगायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. पूर्वी अठ्ठावीसच्या खाली आकडा जात नसे.

"कामावर जाणं-येणं तेवढंच, मैलही तेवढेच," आत बसत तो म्हणाला. "मग पेट्रोल जातं कुठे?"

"थंडी आहे. थंडीत सगळ्याच गाड्या जास्त पितात."

"इतकं नाही पीत."

पेट्रोल कुठे जातं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

ऑक्टोबरच्या अखेरीस, हॅलोवीनच्या आठवड्यात दूध कारखान्याच्या कचेरीने तिला नारळ दिला होता. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी! त्याच्या जेमतेम महिनाभर आधी अर्विडला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. त्याला कसलाही ताण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं. त्यामुळे तिने घरी अवाक्षर काढलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायची आणि तळ्याकाठी गाडी लावून संध्याकाळपर्यंत बसायची. बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांच्या गाड्या तिथे हिवाळाभर उभ्या असतात. त्यांत तिच्या गाडीकडे कोण बघतंय? दुसरं काम लागेपर्यंत कसंबसं रेटायचं, एवढाच बेत होता. तळंही तिने मुद्दाम कारखान्याइतक्याच अंतरावरचं निवडलं होतं. मैल जुळायला हवेत ना!

मैलांचा विचार तिने केला, पेट्रोलचा मात्र राहून गेला. मिनेसोटाच्या जानेवारीत हीटर बंद करून माणूस बसणार तरी कसा? इंजिन दिवसभर घुरघुरत राहायचं.

"उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज शून्य," असं अर्विड सिग्नलला थांबला तरी म्हणायचा. लग्न झाल्यापासून ती ते ऐकत आली होती. हेच एक वाक्य आता त्याला आठवू नये, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

आठवलं नाही. शनिवारी त्याने चारही चाकांत हवा भरली. पुढच्या शनिवारी एअर फिल्टर बदलला. त्याच्या पुढच्या शनिवारी, बर्फावर गाडी घसरू नये म्हणून डिकीत ठेवलेली वाळूची पोती लेरॉयकडून उतरवून घेतली. "विनाकारण वजन वाहायचं कशाला?" म्हणाला. लेरॉय हा त्यांचा शेजारी. अंगणातला बर्फही हल्ली तोच त्याच्या ट्रकने ढकलून द्यायचा. जाताना दोन मासे ठेवून गेला. यंदा तळ्यावर जागा बदललीय, चांगला मासा लागतो, असं काहीतरी तो अर्विडला सांगत होता. मार्लिसचं लक्ष नव्हतं. दिवसभर नुसतं बसून माणूस इतका दमतो, हे तिला या हिवाळ्यातच कळलं. फोनवर नोकरीचे अर्ज भरायचे, नकार वाचायचे, आणि घरी येऊन कचेरीतल्या गमती रचून सांगायच्या. जीव अगदी विटून गेला होता.

त्यात एक दिवस अर्विडच्या हातमोज्यांना पेट्रोलचा भपकारा आला. गॅरेजमध्ये जाऊन बघते तर बर्फ उडवायच्या यंत्रासाठी ठेवलेला लाल डबा रिकामा. तिचा पारा चढला.

"तू ते यंत्र चालवलंस? डॉक्टरांनी काय सांगितलंय? मला मारायचा बेत आहे का तुझा?"

"चुकलो बाई," तो खाली मान घालून म्हणाला. "कंटाळा येतो गं घरात."

त्या शुक्रवारी पंपावर अर्विड खुशीत आला. "चौतीस! बघ, म्हटलं नव्हतं? वजनच होतं चोर."

चौतीस? गाडी नवी होती तेव्हाही एवढं अ‍ॅव्हरेज दिलं नव्हतं. आणि हा तर हिवाळ्यातला सगळ्यात कडाक्याचा आठवडा, इंजिन एक मिनिटही बंद नव्हतं. मार्लिसला काही उमगेना. पण ज्या गोष्टीची धास्ती घेतली होती ती टळली. तिने हाताशी आलेली वजनाची सबब उचलून धरली.

"तुझ्या हाताला गुण आहे हो," ती म्हणाली.

"आहेच मुळी. आता तू अ‍ॅव्हरेजची काळजी सोड."

सोमवारी सकाळी ती गॅरेजमध्ये आली तेव्हा अर्विड तिच्या आधी तिथे होता. मागच्या सीटवर जाड लोकरी पांघरूण, सूपचा मोठा थर्मास आणि तिची भरतकामाची पिशवी होती.

"हे काय? विनाकारण वजन नको म्हणाला होतास ना?"

"असू दे वजन."

मागच्या चाकापाशी लाल डबा होता, त्याच्यावर नरसाळं. कोपऱ्यातल्या बर्फ उडवायच्या यंत्राकडे तिची नजर गेली. नोव्हेंबरात हॅलोवीनच्या सजावटीचं खोकं तिनेच त्याच्यावर ठेवलं होतं. ते अजून तसंच होतं, वर धुळीचा थर.

ती डब्याकडे बघत राहिली. अर्विडने गॅरेजचं दार वर सरकवलं आणि थंडीचा लोट आत आला. गाडीपाशी येऊन त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं.

"आज वारा उत्तरेचा आहे, मार्लिस," तो म्हणाला. "तळ्यावर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लाव, आणि काच बोटभर खाली ठेवत जा. उभ्या गाडीत धूर आत येतो."