अकरा चुका

करीमने वही मालक रावजीशेठच्या टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतला. शेजारच्या खुर्चीत आत्माराम मयेकर बसले होते. वही कसली ते त्यांना ठाऊक होतं. सहा आठवडे करीम ती त्यांच्यासमोरच भरत होता.

"अकरा," रावजीशेठ पानं उलटत म्हणाले. "आणि सगळ्या आकड्यांच्या."

वहीत तारीख, सामना, छापलेला आकडा आणि खरा आकडा असे रकाने होते. करीम बी.एस्सी. झालेला, नोंदी रेखीव. त्यात एकही आकडा खोटा नव्हता. तरी तो रावजीशेठच्या बोटांकडेच बघत राहिला.

त्र्याऐंशीचा विश्वचषक जिंकल्याला तीन वर्षं झाली होती आणि रत्नागिरीत लोक पेपर मागच्या पानापासून वाचू लागले होते. पण दैनिकातला क्रीडा विभाग आटतच चालला होता. मुंबईचा वार्ताहर बंद झाला. मुद्रितशोधक निवृत्त झाल्यावर त्याची जागा भरलीच नाही. मग शिपाईही गेला. मैदानावर जाणं, बातमी लिहिणं, प्रूफ तपासणं आणि पान छापखान्यात पोचवणं, सगळं आत्माराम आणि करीम या दोघांवर आलं. आता त्या दोघांतलाही एक कमी करायचा होता.

नियमाने मागाहून आलेला जातो, म्हणजे करीम. तसं झालं तर मामूने त्याच्यासाठी दुबईच्या एका गोदामात जागा बघून ठेवली होती. पदवी ट्रंकेत ठेवायची आणि सिमेंटच्या गोण्या उचलायच्या. पण रावजीशेठ म्हणाले होते, नियम राहू दे, पान बिनचूक कोण काढतो ते मला कागदावर दाखव.

"मयेकर, शेवटचं प्रूफ तुम्हीच बघता ना?"

"मीच. खाली माझी सही असते."

"मग हे काय?"

आत्मारामांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. "डोळे आता पूर्वीसारखे नाहीत," ते म्हणाले. मग करीमकडे वळले. "अकराच ना रे?"

"अकरा," करीम म्हणाला.

"असतील. मोजण्यात तू चुकायचा नाहीस."

महिनाअखेर आत्मारामांचा शेवटचा दिवस ठरला.

त्यांनी राग धरला असता तर करीमला सोपं गेलं असतं. पण ते डब्यातली सुरमईची तुकडी पूर्वीसारखीच त्याच्या झाकणात काढून ठेवत. थट्टाही तीच. करीमच्या खिशात कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एक चिमटा असे. तिथे मिलिग्रॅमची वजनं चिमट्यानेच उचलायची सवय लागलेली. बातम्यांच्या गठ्ठ्यातल्या टाचण्याही तो त्यानेच काढी. "ह्याच्या निकाहात हार पण चिमट्याने घालतील," आत्माराम म्हणत, आणि खाली छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारा लवू खो खो हसे.

खेळाचं पान आतलं, म्हणून दुपारीच लागे. चारला आत्माराम प्रूफ वाचून सही करत, तारीख घालत आणि भिंतीवरच्या तारेत खोचून ठेवत. लवू दुरुस्त्या करून चहाला जाई आणि परत आल्यावर पानाची चौकट, म्हणजे फर्मा, घट्ट आवळी. तोवर सुटे खिळे कोणाच्या धक्क्याने ढळू नयेत म्हणून तिथे बसायला कोणीतरी लागे. शिपाई गेल्यापासून ते काम करीमने आपणहून घेतलं होतं. आत्मारामांच्या गुडघ्यांना जिन्याची जादा खेप सोसत नसे.

वर आला की त्याची बोटं काळी असत. अलीकडे आत्माराम रॉकेलचं फडकं आठवणीने त्याच्यापुढे सरकवत.

सगळ्यात जास्त छळायची ती रघूच्या धावांची चूक. रघू मिरकरवाड्यात बर्फ फोडायचं काम करी. तालुका स्पर्धेत त्याने त्रेपन्न धावा काढल्या आणि पेपरात छापून आलं तेहतीस. दुसऱ्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. भांडायला नव्हे.

"काका, माजे तेपन हुते," तो म्हणाला. "बापसाने पेपर वाचलान नि म्हणालान, खोटा कशाला बोलतोस."

आत्माराम उठून उभे राहिले. "चूक माझी रे बाबा. उद्या दुरुस्ती छापतो." त्यांनी त्याला बसवून चहा पाजला. दुरुस्ती दोन ओळींची आली, शेवटच्या रकान्यात, तळाला. करीमने ती वहीत रघूच्या नोंदीपुढे लिहिली. 

शेवटच्या दिवशी आत्माराम खाली छापखान्यात गेले. फर्म्यातली अक्षरं उलटी असतात. लवूसुद्धा ती बोट ठेवून वाचतो. आत्मारामांनी उभ्याउभ्या, दोन हातांवरून, अख्खं पान त्याला वाचून दाखवलं आणि एक सुटलेला काना सांगितला.

करीम जिन्यातून बघत होता. आता खाली मालकांच्या खोलीत जावं, असं त्याला वाटलं. दोन पायऱ्या तो उतरलाही. मग थांबला.

पाचला आत्मारामांनी छत्री घेतली. तारेतलं एक प्रूफ काढून त्याची घडी केली, तिच्यात काहीतरी गुंडाळलं आणि पुडी करीमच्या हातात दिली.

"मी वळणावरून गेलो की उघड," ते म्हणाले. "आणि पान नीट काढ."

करीम खिडकीत उभा राहिला. छत्री वळणाआड गेल्यावर त्याने घडी सोडली. प्रूफ सहा तारखेचं होतं. खाली आत्मारामांची सही होती आणि मधल्या रकान्यात स्वच्छ छापलेलं होतं, 'रघू ५३'. आतून शिशाचा एक खिळा त्याच्या तळहातावर पडला. पाचाचा.

प्रूफाच्या पाठीवर आत्मारामांच्या हातच्या दोन ओळी होत्या. "हा तुझ्या खुर्चीखाली सापडला. बाकीचे दहाही लवूच्या खणात परत टाक."